चिमट्यातलं ‘हो’

ज्याला हार्लन क्विस्ट आवडत नाही असा माणूस एल्डर फोर्कमध्ये शोधूनही सापडणार नाही. मी आहे, पण मला कुणी धरत नाही. मी त्याच्या विमानाची मेकॅनिक, वेल्डा. माझे हात कायम काळे आणि तोंड कायम वाकडं. त्यामुळे माझ्या नावडीला गावात किंमत नाही.

हार्लन साठीचा. उंच, सरळ, पांढरे केस पाणी लावून मागे चापून बसवलेले. शर्टाच्या खिशात दालचिनीच्या लाल गोळ्या, दिसेल त्याला एक देणार. बाप लाकूडतोड्या, दोघे भाऊ लाकडाच्या गिरणीत बोटं गमावून घरी बसलेले. घरात हा एकटाच आकाशात गेला, आणि गावाने ते आपलंच कर्तृत्व असल्यासारखं मिरवलं. बर्फात रस्ता बंद झाला की औषधं हाच आणायचा. एका बाळंतिणीला त्याने स्पोकेनच्या इस्पितळात वेळेवर पोचवलं, तेव्हापासून गावात आणखी दोन हार्लन जन्मले. मेलेल्याला शेवटचं गावावरून फिरवून राख उधळायची असेल तर हा पैसे घेत नाही. मग अशा माणसाला नावं कोण ठेवणार?

मी ठेवते. चांगुलपणाचं कातडं पांघरून वावरणाऱ्या माणसांची मला शिसारी आहे. वाईट माणूस परवडतो, त्याच्यापासून लोक चार हात लांब तरी राहतात.

आता हार्लनची खोड सांगायची तर आमची दरी सांगावी लागेल. आमच्या धावपट्टीला नियंत्रणाचा मनोरा नाही. आभाळ भरलेलं असलं आणि ढगांत शिरायचं असलं, तर दूरच्या केंद्रात बसलेल्या नियंत्रकाची परवानगी लागते. ती जमिनीवरून फोन करून मागता येते. मग तो म्हणतो, थांबा. शेजारच्या दरीत कुणी ढगांतून उतरत असेल, तर ते उतरेपर्यंत तो दुसऱ्याला सोडत नाही. कधी हे थांबणं कॉफी संपेपर्यंतचं असतं, कधी जेवण होईपर्यंतचं. हार्लनला ते थांबणं म्हणजे अपमान वाटतो. त्यापेक्षा ढगांच्या खालून, नजरेने बघत उडायचं. त्याला कुणाची परवानगी लागत नाही. आणि वर गेल्यावर रेडिओवरून ती मागून घ्यायची.

ढग उंच असले तर यात काही वावगं नाही. सगळेच तसं करतात. पण ढग डोंगरांवर बसलेले असले की आमच्याकडे पंचाईत होते. नदीच्या जवळून उडताना डोंगर आड येतात आणि नियंत्रकाला आवाजच जात नाही. पश्चिमेला दरी अरुंद होत जाते, त्या जागेला आम्ही चिमटा म्हणतो. तिथे पोचून, जमेल तितकं वर चढून, ढगांना डोकं लागायची वेळ आली की मग कुठे बोलणं सुरू होतं. दोन्ही बाजूंना कडे, कड्यांवर फरची झाडं, आणि डोक्यावर ढग. अशा जागी नियंत्रक विचारतो, अमुक उंचीपर्यंत डोंगर आणि झाडं तुमची तुम्ही टाळू शकाल का? हो म्हटलं की परवानगी मिळते. आणि मग डोंगर कुठे आहे ते बघायचं काम त्याचं नाही, तुमचं.

हा प्रश्न खरा असतो. विचारणारा तो खरा म्हणूनच विचारतो. पण आमच्या इथल्या वैमानिकांनी त्याचं ‘काय, बरं आहे ना?’ करून टाकलंय. कुणी बरं आहे ना म्हणून विचारलं तर आपण त्याला आपली मूळव्याध सांगत बसत नाही, हो म्हणतो आणि पुढे जातो. तसं. हार्लनचं ‘हो’ तर प्रश्न संपायच्या आत तयार. विमान ठेवायच्या हँगरमध्ये माझ्या बाकावर रेडिओ असतो. खाली दरीत नियंत्रकाचा आवाज येत नाही, फक्त आमच्या विमानाचा येतो. त्यामुळे मला कायम उत्तरंच ऐकू येत आली, प्रश्न पाठ झाले होते. हार्लनचं ते गोड, लांबवलेलं ‘हो’ ऐकलं की मी रेडिओचा आवाज कमी करायची.

तर हा बाप, आणि ब्रिटा त्याची एकुलती एक. आई, सिग्ने, ब्रिटा शाळेत असतानाच गेली. पोरगी हँगरमध्ये वाढली. तेलाच्या पिंपावर वही ठेवून अभ्यास करायची आणि कळत्या वयापासून बापाच्या शेजारच्या खुर्चीत बसायची. विमान हाताळायला बापानेच शिकवलं, आणि तेवढं मात्र त्याने उत्तम शिकवलं, ते मी नाकारत नाही. पण ढगांतलं उडणं शिकायला ती स्पोकेनला गेली, एका खडूस म्हातारीकडे, आणि तिथून परत आली ती जरा वेगळीच होऊन. बोलणं कमी झालेलं. कुणी काही विचारलं की आधी विचार करायची, मग उत्तर द्यायची. गावात याला आढ्यता म्हणतात.

हार्लन मात्र खूश होता. त्याने रंगाऱ्याकडून नवी पाटी करून घेतली, ‘क्विस्ट आणि कन्या’. थंडीच्या आत लावायची म्हणाला. ब्रिटाने तोवर सामान न्यायचं, हळूहळू माणसं न्यायची, गावाला तिची सवय व्हायची, आणि एक दिवस त्याने खुर्ची सोडायची, असं ठरलं होतं. मला विचाराल तर त्या पोरीला दुसरं काही नकोच होतं. तिला ही दरी हवी होती आणि ते एक विमान. गावाने मान डोलवली की झालं.

त्या गुरुवारी ब्रिटाचा प्रवासी होता कॉय ब्रॅनम. हार्डवेअरचं दुकान चालवतो, हृदय नाजूक, आणि तोंडात तीळ भिजत नाही. महिन्यातून एकदा स्पोकेनच्या डॉक्टरकडे जातो आणि पुढचा महिनाभर त्याच प्रवासावर बोलतो. आभाळ खाली आलेलं होतं. चिमट्याच्या बाजूला राखाडी रंगाशिवाय काही दिसत नव्हतं. ब्रिटाने फोन केला. नियंत्रक म्हणाला, थांबा, शेजारी एक उतरतंय.

ती थांबली. कॉय घड्याळ बघायला लागला. हार्लन कॉफीचा पेला घेऊन आला, काचेतून आभाळाकडे एक नजर टाकली आणि म्हणाला, ‘‘फोन ठेव. नीघ, वर जाऊन माग. कॉयचा डॉक्टर जेवायला जाईल.’’

ती म्हणाली की चिमट्यात खाली आहेत ढग. त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि कॉयला डोळा मारला. बाप, मालक आणि गावाचा लाडका, तिघं एकदम समोर उभे राहिल्यावर पंचविशीतली पोर काय करणार? निघाली.

मी रेडिओचा आवाज मोठा केला. बऱ्याच वेळाने ती बोलली. स्वच्छ, सावकाश. आपलं नाव सांगितलं, कुठे आहे सांगितलं, परवानगी मागितली. मग शांतता, म्हणजे तिकडून तो प्रश्न येत होता. हार्लन कॉफीत साखर ढवळत होता.

‘‘नाही,’’ ब्रिटा म्हणाली. ‘‘मला ते जमणार नाही. मी नजरेने मागे फिरतेय.’’

चमचा थांबला. मी इतकी वर्षं त्या बाकावर बसले, पण ते ‘नाही’ मी पहिल्यांदा ऐकलं. मला काय वाटलं सांगू? घाणेरड्या खोलीची खिडकी कुणीतरी उघडल्यासारखं वाटलं. पण हार्लनच्या तोंडाकडे बघितलं तर त्याच्या चेहऱ्यावर कुणी थुंकल्यासारखं झालं होतं.

ती उतरली. टेकवलंही असं अलगद की कॉयची टोपीसुद्धा हलली नसेल. इंजिन बंद व्हायच्या आत हार्लन दारापाशी. ओरडला नाही, तो कधी ओरडत नाही. हसत हसत बोलला, आणि ते जास्त वाईट.

‘‘नाही कशाला म्हणालीस? ते विचारतात, आपण हो म्हणतो. एवढंच असतं ते.’’

‘‘मला समोरचा कडा दिसत नव्हता, बाबा.’’

‘‘कडा कुठे पळून जातो? पाठ असावा लागतो.’’ मग कॉयकडे वळून म्हणाला, ‘‘बस रे, उतरू नकोस. मी नेतो तुला.’’ आणि पुन्हा तिला, ‘‘चर्चमध्ये शनिवारच्या जेवणाला स्वयंपाकघरात हात कमी पडतायत म्हणे. तिकडे जा, तिथे डोंगर नाहीत.’’

कॉय हसला. पोरीने कानांवरचे हेडफोन काढून बापाच्या हातात दिले आणि बाजूला झाली. तिचे कान लाल झाले होते. मी पाना हातात घेऊन उभी होते आणि तो पाना कुठे घालावा याचा मी फार गंभीरपणे विचार करत होते.

तो त्याच आभाळात, त्याच वाटेने गेला. ब्रिटा घरी गेली नाही. माझ्या बाकाजवळ येऊन उभी राहिली, हात खिशात. थोड्या वेळाने हार्लनचा आवाज आला, नियंत्रकाशी हवापाण्याचा विनोद करणारा. मग ती ओळखीची शांतता. मग त्याचं ‘‘होऽ, मजेत.’’ परवानगी आली असावी, त्याने ती शब्दाशब्दाने परत म्हणून दाखवली. आणि मग बराच वेळ काही नाही. नंतर त्याने उंची सांगितली तेव्हा आवाज कोरडा होता, विनोद नव्हता. ब्रिटाने मान वर करून माझ्याकडे बघितलं. तो ढगांच्या वर पोचलाय एवढं कळल्यावर ती गेली.

संध्याकाळी आभाळ धुतल्यासारखं मोकळं झालं होतं. विमान थांबतं न थांबतं तोच कॉय खाली उतरला आणि मी तिथे आहे म्हणून माझ्याजवळच सुरू झाला. हार्लनसारखा माणूस नाही. पोरीने शेपूट घातली, पण याने डोळ्याची पापणी न हलवता सुईत दोरा ओवावा तसं विमान ओवलं. ‘‘आणि ढगात शिरलो न शिरलो तोच खालून असा दणका बसला, वेल्डा! मी खुर्चीतून वर. म्हटलं, काय रे हे? तर हा म्हणतो, हवेचा खड्डा. आणि मला गोळी दिली!’’ तो ही गोष्ट घेऊन तडक कोपऱ्यावरच्या हॉटेलात गेला, जिथे अख्खं गाव संध्याकाळी ॲपल पाय खात बसलेलं असतं.

मी विमान आत ओढलं आणि नेहमीप्रमाणे दिवा घेऊन खाली वाकले. उजव्या चाकाच्या वर, ब्रेकच्या नळीमागे, फरची डहाळी अडकली होती. हाताच्या पंजाएवढी. सुया ओल्या, हिरव्यागार, मोडलेल्या टोकाला चीक अजून ओला. नळी वाकली होती. चाकाच्या आवरणावर सालीचा तपकिरी ओरखडा लांबच लांब गेला होता. हवेच्या खड्ड्यात फर उगवत नाही.

मी तिथेच जमिनीवर बसले. एक वीत. फार तर दोन. कॉय, हार्लन आणि ते विमान कड्यावर सांडायला तेवढंच अंतर कमी पडलं होतं. मला भीती वाटायला हवी होती, पण मला किळस आली. कारण मला एकदम दिसलं की उद्या सकाळी गावात कोण शूर आणि कोण भेकड ठरलेलं असेल.

हार्लन टोपी विसरला होता म्हणून परत आला. मी डहाळी उचलून धरली.

‘‘धावपट्टीच्या टोकाला पडली असेल,’’ तो म्हणाला.

‘‘टोकाला गवत आहे, हार्लन. नुसतं गवत.’’

तो स्टुलावर बसला. खिशातून गोळी काढली, पण कागद सुटेना. वळायला एक क्षण उशीर झाला, म्हणाला. आयुष्यात कधी झाला नव्हता. कॉयला सांगू नकोस, त्याचं हृदय आधीच नाजूक आहे. ऐकलंत? ज्या माणसाला हा मारायलाच निघाला होता त्याच्या हृदयाची काळजी याला. मी म्हटलं, कॉय गेला खड्ड्यात, ब्रिटाचं काय?

‘‘तिला मी सांगतो. तिचं बरोबर होतं, हे सांगतो. चारचौघांतही सांगतो.’’

‘‘कधी?’’

‘‘शनिवारच्या आत. हो, वेल्डा. नक्की.’’

ते ‘हो’ मी ओळखलं. तरी गप्प बसले, कारण मी जाऊन पोरीला सांगितलं असतं तर ते मेकॅनिक बाईचं बोलणं झालं असतं. मला ते त्याच्या तोंडून हवं होतं. ज्या तोंडाने तिला स्वयंपाकघरात पाठवलं, त्याच तोंडाने. एवढं मात्र बजावलं की सगळं उघडून तपासल्याशिवाय हे विमान जागचं हलणार नाही. तो लगेच कबूल झाला. गावात सांगितलं, तेल बदलतोय.

शुक्रवारी सकाळी हँगरच्या दाराशी लहान मुलाची तीनचाकी सायकल ठेवलेली होती. वर पुठ्ठा, ‘ब्रिटासाठी, हिला परवानगी लागत नाही.’ अक्षर कुणाचं ते मला ठाऊक आहे, पण त्याने काय फरक पडतो? अख्ख्या गावाचं होतं ते अक्षर. हॉटेलात तिला ‘नाहीबाई’ हे नाव पडलंसुद्धा होतं. हार्लन आला, पुठ्ठा वाचला, फस्सकन हसला आणि सायकल पायाने बाजूला सारली. मग नवी पाटी उचलली आणि तोंड भिंतीकडे करून ठेवली. ती पाटी त्याने एवढ्या हलक्या हाताने फिरवली की मला तो हात धरून पिरगळावासा वाटला.

दुपारी ब्रिटा आपलं जॅकेट न्यायला आली. मी विचारलं, बाबा काही बोलले का? ती म्हणाली, ‘‘काय बोलणार? कालपासून बोललेलेच नाहीत.’’ मग चाक काढलेल्या विमानाकडे बघत उभी राहिली. तेल बदलायला चाक काढत नाहीत, हे तिला माहीत होतं. ती विचारेल म्हणून मी वाट बघितली. तिने विचारलं नाही. बापाबद्दल दुसऱ्याला काही विचारायचं नाही, अशी ती मुलगी आहे. जॅकेट घेऊन गेली.

मी तिला म्हटलं नाही की थांब. नळी बदलली, आवरण ठोकून सरळ केलं, आणि डहाळी कोटाच्या खिशात टाकली.

शनिवारी चर्चच्या तळघरात लूटफिस्कचं जेवण. इथले स्वीडिश लोक वर्षातून एकदा सुकवलेला मासा क्षाराच्या पाण्यात दिवसेंदिवस भिजवतात, फुगवतात, उकडतात आणि वर वितळलेलं लोणी ओतून बाजारातल्या सुक्या बोंबलालाही लाज वाटेल असा तो वास घेत भक्तिभावाने खातात. मी खाणकामगारांच्या घरातली, वेल्श, मला हे अन्न वाटत नाही. पण त्या दिवशी गेले नाही तर वर्षभर ऐकावं लागतं. लांब लांब टेबलं, पांढरे कागदी टेबलक्लॉथ, सगळ्यांच्या अंगाला, केसांना तो वास. ब्रिटा ॲप्रन बांधून लोण्याचं भांडं फिरवत होती. हार्लन मधल्या टेबलावर, इस्त्रीच्या शर्टात, समोर कॉय. मी शेजारी जाऊन बसले आणि त्याच्या कानात विचारलं, सांगितलंस? तो म्हणाला, ‘‘आज घरी गेल्यावर.’’ आणि उकडलेला बटाटा माझ्या ताटात वाढला.

कॉयचं तेच सुरू होतं, पण गोष्टीचं वजन आता वाढलं होतं. ढग काळे झाले होते, वारा सुटला होता, दणक्याचे दोन दणके झाले होते. आणि दर वेळी गोष्ट पोरीवर येऊन थांबत होती. तिला वाईट वाटावं असा कुणाचा हेतू नव्हता, असं ते लोक तुम्हाला सांगतील. थट्टा करत होते ते. एवढी माया आहे म्हणूनच थट्टा करतो, असंही सांगतील. अशा मायेचा वीट आलाय माझ्या जीवाला.

ब्रिटा आमच्या टेबलाशी आली तेव्हा कॉय म्हणाला, ‘‘पोरी, लोणी वाढतेस, की आधी केंद्राला विचारायचंय?’’

सगळं टेबल हसलं. शेजारची दोन टेबलं काय झालं ते विचारून मग हसली. ब्रिटाने ओठ मिटून लोणी वाढलं. मी हार्लनकडे बघत होते. मी मनात म्हणत होते, आता. आता बोल, मेल्या. तुझी पोर आहे ती. तिने तुला, या कॉयला आणि त्या विमानाला जे द्यायला हवं ते, एक खरं ‘नाही’, दिलं होतं, आणि तू ते तिच्या तोंडावर फेकलंस. दोन वाक्यं लागतात.

हार्लनने तोंड पुसलं आणि हसत म्हणाला, ‘‘विचारून बघ की कॉय. ती नाहीच म्हणेल.’’

मग हशा छतापर्यंत गेला.

मी डहाळी त्याच्या ताटात ठेवली. माशाच्या वरच, त्या पांढऱ्या थरथरत्या लगद्यात. सुया सुकायला लागल्या होत्या, पण हिरव्या होत्या. कॉयने विचारलं, हे काय.

‘‘तुझा हवेचा खड्डा,’’ मी म्हटलं. ‘‘गुरुवारी संध्याकाळी उजव्या चाकातून काढला मी. ब्रेकची नळी वाकली होती. तू खुर्चीतून वर उडालास ना, तेव्हा हे झाड खाली होतं.’’

कॉयचा घास गालात तसाच राहिला. त्याला हिशेब लावायला वेळ लागला, आणि मग त्याचा हात आपोआप छातीवर गेला. समोरची एक बाई म्हणाली की हँगरच्या आवारातही फर असतील. हँगरच्या आवारात गवताशिवाय काही नाही, ते सगळ्यांना ठाऊक आहे.

हार्लन म्हणाला, ‘‘वेल्डाला नाटकं फार आवडतात.’’ आवाज तोच, गोड. पण हसायला कुणी सोबत नव्हतं.

ब्रिटाने लोण्याचं भांडं बापासमोर ठेवलं. ताटातली डहाळी उचलली, बोटाने पुसली, मोडलेलं टोक दिव्याकडे धरून बघितलं. तिने ती दोन्ही बाजूंनी इतका वेळ बघितली की मागच्या टेबलांवरचं बोलणंही थांबलं. मग तिने विचारलं. रागाने नाही. रेडिओवर बोलते तसं, स्वच्छ, सावकाश.

‘‘नियंत्रकाने तुम्हाला विचारलं, झाडं टाळू शकाल का. तुम्ही हो म्हणालात. तेव्हा तुम्हाला कडा दिसत होता का, बाबा?’’

मला वाटलं, इथे तरी. समोर पोटची पोर, हातात झाडाचा तुकडा, आणि अख्खं गाव श्वास रोखून बसलेलं. कुणीही माफ केलं असतं त्याला. तो ‘नाही’ म्हणाला असता तर गावाने त्याच्या खरेपणाच्याही गोष्टी केल्या असत्या. एवढा लाडका आहे तो.

हार्लनने चारही बाजूंना बघितलं. केसांवरून हात फिरवला. आणि हसला.

‘‘दिसत होता,’’ तो म्हणाला. ‘‘स्वच्छ दिसत होता.’’

‘‘मग झाडावर मुद्दाम घातलंत का विमान?’’

काहीतरी करायला हवं म्हणून हार्लनने समोरचं भांडं उचललं आणि ताटात लोणी ओतायला सुरुवात केली. ओतत राहिला. मासा बुडाला, बटाटे बुडाले, लोणी काठावरून कागदावर आलं आणि टेबलाच्या कडेने त्याच्या इस्त्रीच्या पँटवर ठिबकायला लागलं. त्याचे डोळे भांड्याकडेच होते, पण त्याला ते दिसत नव्हतं. कॉय छातीवर हात ठेवून बसला होता.

ब्रिटाने भांडं त्याच्या हातातून काढून घेतलं, आत बघितलं, आणि उरलेलं वाढायला पुढच्या टेबलाकडे गेली.